आडोसा

चालणारी भिंत मराठी माणसाला नवी नाही. वाघावर बसून आलेल्या चांगदेवांना सामोरे जाण्यासाठी ज्ञानदेवादी भावंडांनी जी भिंत चालवली, असे आख्यायिका सांगते, ती आळंदीत आजही दाखवतात. अहंकाराच्या पराभवाची गोष्ट म्हणून आपण ती ऐकत आलो. अलीकडे मला तिच्यात एक अगदी घरगुती अर्थ दिसू लागला आहे : माणसांना एकमेकांजवळ राहायचे असेल, तर भिंतीला हलता आले पाहिजे. हा अर्थ मला सुचला तो करवत आणि रंधा हातात घेतल्यावर.

गेल्या वर्षी मांडीच्या हाडाच्या शस्त्रक्रियेनंतर आई आमच्याकडे कायमची राहायला आली. कोथरूडमधले आमचे घर तीन खोल्यांचे. आतली खोली बारावीच्या अभ्यासाला बसलेल्या मुलीची, म्हणून आईचा पलंग बैठकीच्या खोलीत, खिडकीजवळच्या कोपऱ्यात लागला. शेजारी येत, माझे विद्यार्थी प्रबंधाची प्रकरणे घेऊन येत, आणि आई त्या सगळ्यांत रमत असे. मात्र तिच्या उशाशी भरून ठेवलेला पाण्याचा तांब्या संध्याकाळी जवळजवळ भरलेलाच असतो, हे पत्नीच्या लक्षात आले. आई पाणीच पीत नव्हती. पाणी प्यायले की भांडे मागावे लागते, आणि भांडे मागायचे तर खोलीत बसलेल्यांना उठवावे लागते; त्यापेक्षा तहान मारलेली बरी, असा तिचा हिशेब होता.

ओळखीच्या सुताराने दोन दिवसांत छतापर्यंत प्लायवूडचे पार्टिशन घालून देण्याची तयारी दाखवली. आईने ते ऐकले आणि म्हणाली, "भिंत नको रे. कोण आलं, कोण गेलं, ते मला कळायला हवं. नाहीतर मी घरात असून नसल्यासारखीच." तिला लपायचे होते आणि पाहायचेही होते. या दोन्ही मागण्या एकाच वेळी पुऱ्या करील अशी वस्तू तयार मिळेना, म्हणून ती घरीच करायचे ठरवले.

ती करताना तिला म्हणायचे काय, हा प्रश्न भाषेच्या शिक्षकाला पडणे स्वाभाविकच होते. 'खासगी' हा शब्द आपल्याकडे फार्सीच्या वाटेने, दरबारातून आला. होळकरांच्या दौलतीत 'खासगी' म्हणजे राजघराण्याचे स्वतंत्र उत्पन्न. त्या शब्दाला जहागिरीचा वास आहे. खासगीपण हवे तर आधी मालमत्ता हवी. 'एकांत' संस्कृतातून आला, तो माणसांपासून दूर जाणाऱ्यांचा. 'आडपडदा' तर आपण 'न ठेवता' याच्याच सोबतीने वापरतो. उरतो तो 'आडोसा'. हा शब्द गरिबाघरचा. दोन बांबू आणि एक गोणपाट एवढ्यावर तो उभा राहतो. त्यात मालकी नाही, माणसांपासून पळणे नाही. चार माणसांत राहूनच घडीभर आड होणे आहे. आईला हवा होता तो नेमका आडोसाच.

भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून सागवानाच्या पट्ट्या आणल्या. दोन फूट रुंद आणि साडेपाच फूट उंच अशा तीन चौकटी करायच्या होत्या. उंची मुद्दाम एवढीच ठेवली, कारण खोलीत पंखा एकच आणि त्याचा वारा वरून पलीकडे जायला हवा. चौकटींचे कोपरे खाच आणि कूस यांनी सांधले. तीन चौकटी एका रेषेत उभ्या केल्या तर पडतात. नागमोडी ठेवल्या तरच स्वतःच्या पायांवर उभ्या राहतात. म्हणून एका सांध्याच्या बिजागऱ्या पुढच्या अंगाने, तर दुसऱ्याच्या मागच्या अंगाने लावाव्या लागतात. प्रत्येक चौकट मूळ रेषेपासून तीस अंशांनी वळवली, तर सहा फुटांचा आडोसा सव्वापाच फूटच जागा झाकतो. उरलेले पाऊण फूट हा उभे राहण्याचा खर्च.

तेवढ्या स्थैर्यावर मात्र भागण्यासारखे नव्हते. तोल जाणारे माणूस हाताला लागेल ते धरते. म्हणून पहिली चौकट पुस्तकांच्या कपाटाला जोडली आणि ते कपाट भिंतीत पक्के केले. ही जोडणी सळई काढता येणाऱ्या बिजागऱ्यांची आहे. सळया उपसल्या की सगळा आडोसा उचलून बाजूला ठेवता येतो. तरीही त्याच्यावर भार टाकू नये, यासाठी पलंगाशेजारच्या भिंतीत पोलादी दांडा बसवला. आधार भिंतीचा घ्यायचा आणि आड व्हायचे ते लाकडाच्या, अशी ही वाटणी झाली.

खरी परीक्षा मधल्या चौकटीत होती. इतर दोन चौकटींत जाड खादी ताणून बसवली. हिच्यात मात्र जमिनीपासून दीड ते साडेतीन फुटांपर्यंत सोळा आडव्या पट्ट्या बसवल्या, बाहेरच्या अंगाला उतरत्या. बत्तीस खाचांचा कल एकसारखा यावा म्हणून एका टाकाऊ फळीचा नमुना केला. डाव्या दांडीवर तो सुलटा धरायचा, उजव्या दांडीवर उलटा. या उताराचे गणित साधे आहे. उभ्या माणसाची नजर वरून खाली येते, ती पट्ट्यांवर अडते. उशांना टेकून बसलेल्या आईचे डोळे जमिनीपासून तीन फुटांवर असतात. तिची नजर पट्ट्यांमधून खाली आणि बाहेर जाते. तिला येणाऱ्याजाणाऱ्यांची पावले दिसतात. "तुझा तो विद्यार्थी आला वाटतं, एक पाय ओढत चालणारा," असे ती आतूनच सांगते. पण नजरेची वाट दोन्हीकडून मोकळी असते. पट्ट्यांपाशी जमिनीवर बसकण मारली, तर आईचे डोळे दिसतात. मुलगी आता पुष्कळदा वही घेऊन तिथेच खाली बसते. उभ्या माणसाला जे दिसत नाही ते बसलेल्याला दिसते, ही सोय मी योजलेली नव्हती. ती उतारातच होती.

आणि मूठ. तिसऱ्या चौकटीच्या मोकळ्या कडेला खाली एक चाक आहे आणि आतल्या अंगाला, पलंगावरून हात पोचेल अशा उंचीवर, लाकडी मूठ. बाहेरच्या अंगाला काहीही नाही. व्हर्जिनिया वुल्फ यांनी १९२९ साली लिहिणाऱ्या बाईसाठी वर्षाला पाचशे पौंड आणि स्वतःची खोली मागितली, हे आपण वर्गात आवर्जून सांगतो. त्या खोलीच्या दाराला त्यांनी कुलूपही मागितले होते, याचा उल्लेख राहून जातो. खोली कोणाची, हे कुलूप कोणाच्या हातात आहे त्यावर ठरते. कथकलीत दोन माणसे रंगीत पडदा धरून उभी राहतात, पण तिरनोट्टमच्या वेळी पडद्याआडचे पात्र स्वतःच त्याची कड हातांत घेते आणि आपल्याला हवे तेवढेच, हवे तेव्हा दर्शन देते. आजारी माणसाच्या वाट्याला बहुधा याच्या उलट येते. पडदा असतो, पण तो ओढणारे हात दुसऱ्याचे असतात. कोणी येण्याआधी ओढायचा, पाहुणे गेले की सारायचा; ज्याला झाकायचे त्याला कोणी विचारत नाही.

लाकडाच्या अशा आडोशाने आवाज अडत नाही, हे खरेच आहे. भांड्याचा आवाज येतो, आईचे कण्हणे ऐकू येते. पट्ट्यांपाशी मुद्दाम वाकले तर दिसेलही. म्हणजे आडोसा निम्मा लाकडाचा आणि निम्मा पलीकडच्या माणसांच्या समजुतीचा असतो. मूठ ओढल्याचा, चाक फरशीवर सरकल्याचा आवाज झाला की खोलीत बसलेले आम्ही जरा मोठ्याने बोलू लागतो. हे कोणी कोणाला शिकवले नाही. विद्यार्थ्यांनाही ते दोन-तीन खेपांत उमगले. चाळीतल्या एका खोलीत पिढ्यान् पिढ्या संसार झाले, ते याच समजुतीच्या बळावर झाले असणार.

आडोसा तयार झाल्यावर आई तो सतत ओढून ठेवील, अशी माझी अटकळ होती. प्रत्यक्षात दिवसातला बहुतेक वेळ तो मिटलेलाच असतो, कपाटाला टेकून. ओढायचा की नाही, हे तिच्या हाती आल्यावर ओढण्याची निकड कमी झाली असावी. तांब्या मात्र आता दुपारी एकदा पुन्हा भरावा लागतो.