पुण्याला दवाखान्यासाठी येताना

पुण्यात घर असले की ते एकट्याचे राहत नाही. आम्ही कर्वेनगरला राहायला आलो तेव्हापासून गावाकडचे कोणी ना कोणी आजारी माणूस आमच्या बाहेरच्या खोलीतल्या खाटेवर असतेच. परभणी, हिंगोली, बीड, सोलापूर, जिथे जिथे आमचे सोयरे आहेत तिथून माणसे येतात. त्यांचे येणे आम्हाला कधी जड झाले नाही. घरात आणखी दोन भाकरी टाकायला कितीसा वेळ लागतो? पण इतक्या लांब येऊन एखाद्या कागदापायी माणूस अडून बसतो, ते मात्र पाहवत नाही. म्हणून उपचारासाठी पुण्याला येणाऱ्या बंधू-भगिनींसाठी अनुभवाच्या चार गोष्टी लिहीत आहोत.

आधी पत्त्याचे. कर्वे रोड, कर्वे पुतळा आणि कर्वेनगर ही तीन वेगळी ठिकाणे आहेत. पुतळा कोथरूडला आहे, आमचे कर्वेनगर त्याच्या पुढे. जुनी माणसे कर्वेनगरला अजून हिंगणे म्हणतात, कारण हे मूळचे हिंगणे बुद्रुक. पण रिक्षावाल्याला नुसते ‘हिंगणे’ सांगाल तर तो नदीपलीकडे सिंहगड रोडच्या हिंगणे खुर्दला नेऊन सोडेल. आमचे एक वृद्ध मामा असेच रात्री साडेनऊला पलीकडे उतरले आणि राजाराम पुलावरून पिशवी घेऊन चालत आले. तेव्हा पत्ता कागदावर लिहून घ्या, सोबत जवळच्या शाळेची किंवा दुकानाची खूणही लिहा.

एस.टी.ने येणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे की शिवाजीनगरचे स्थानक मेट्रोच्या कामासाठी २०१९ च्या अखेरीस वाकडेवाडीला हलवले गेले. तिकिटावर शिवाजीनगर वाचून जुन्या जागेच्या खुणा शोधू नका. सातारा, कोल्हापूरकडून येणारे स्वारगेटला उतरतात. रेल्वेने आलात तर सगळ्यात सोपे. पुणे स्टेशनहून वनाझकडे जाणारी मेट्रो धरायची, नळ स्टॉपला उतरायचे, तिथून रिक्षाने कर्वेनगर. मध्ये गाडी बदलावी लागत नाही. स्वारगेटहून मेट्रोने येणाऱ्याला मात्र जिल्हा न्यायालयाला बदलावी लागते. मेट्रोच्या स्थानकात लिफ्ट आहे, त्यामुळे दम लागणाऱ्या माणसाला जिना चढायला लावू नका. लाजू नका, लिफ्ट सगळ्यांसाठीच आहे. पैसे वाचवायचे तर पीएमपीची बस आहेच. वारजे माळवाडीच्या गाड्या कर्वेनगरवरून जातात, पण सकाळी नऊनंतर त्यात आजारी माणसाला उभे करणे हा त्याचा छळच आहे.

ससून हे स्टेशनपासून चालत जाण्याइतके जवळ. १८६७ सालापासून ते गोरगरिबांचा आधार आहे आणि कोविडच्या काळात, २०२० साली, तिथली अकरा मजली इमारतही वापरात आली. बाह्यरुग्ण विभागासाठी सकाळी लवकर जाऊन केसपेपरच्या रांगेत उभे राहावे, उशीर झाला की दिवस गेला. एक बारकावा पुष्कळांना माहीत नसतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून सरकारने ज्या रुग्णालयांत उपचार मोफत केले ती सार्वजनिक आरोग्य विभागाची. औंधचे जिल्हा रुग्णालय त्यात येते. ससून वैद्यकीय शिक्षण विभागाचे. तिथे थोडेफार शुल्क लागते, तेवढे पैसे जवळ ठेवावेत.

मोठ्या शस्त्रक्रियेसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. २०२४ पासून ती सर्व शिधापत्रिकाधारकांना लागू झाली आणि मर्यादा कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपये झाली. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसतो, आधी त्यालाच गाठावे. घरून निघण्यापूर्वी १५५३८८ या नंबरवर फोन करून आपला आजार कोणत्या रुग्णालयात बसतो ते विचारावे.

आता ते कागदाचे. आमच्या चुलत भावाची सून परभणी जिल्ह्यातून आली. वय सव्वीस. हृदयाची झडप खराब, चार पावले चालली की धाप. डॉक्टरांनी झडप बदलायला सांगितली होती आणि योजनेत ते बसत होते. आरोग्यमित्राने रेशनकार्ड पाहिले. सासरच्या कार्डावर तिचे नाव नाही. माहेरच्या कार्डावरून लग्नानंतर काढलेले, आणि सासरी घालायचे कोणाच्या ध्यानातच आले नाही. चार वर्षांत एक मूल झाले, त्याचेही नाव नाही. तो मुलगा भला होता, पण नावावाचून त्याच्याही हाती काही नव्हते. त्या रात्री ती खाटेवर बसून आमच्या घरातल्या बाईंना म्हणाली, “आत्याबाई, ह्या कार्डावर बी न्हाई, त्या कार्डावर बी न्हाई. मग मी हाय कुठं?”

तिचा नवरा त्याच रात्री गाडीने परत गेला. तहसीलला खेटे घालून नवव्या दिवशी नाव घेऊन आला. ते नऊ दिवस आम्ही रात्री उठून तिचा श्वास ऐकत होतो. शस्त्रक्रिया झाली, ती सुखरूप घरी गेली. पण प्रत्येकाचा श्वास नऊ दिवस टिकतोच असे नाही. घरात सून आली, मूल जन्मले, की त्याच वर्षी कार्डावर नाव चढवा. आधारवरचे आणि कार्डावरचे नाव अक्षराने अक्षर जुळते का, तेही पाहा.

योजनेत बसत नसेल तर धर्मादाय रुग्णालयाचा मार्ग आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेप्रमाणे अशा रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवायच्या असतात. तातडीच्या रुग्णाला अनामत न मागता दाखल करून घ्यायचे असते. पुण्यात एप्रिल २०२५ मध्ये एका गरोदर भगिनीच्या मृत्यूनंतर हा अनामतीचा प्रश्न राज्यभर गाजला. काउंटरवर नुसते ‘खाट नाही’ ऐकून परत फिरू नका. तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला भेटा, उत्पन्नाचा दाखला दाखवा आणि नकार असेल तर लेखी मागा. लेखी म्हटले की सूर बदलतो, हे आम्ही स्वतः पाहिले आहे.

रात्री-अपरात्री १०८ ला फोन करावा. ही रुग्णवाहिका २०१४ पासून राज्यभर मोफत आहे. आमच्याकडच्या गल्ल्या अरुंद, म्हणून एकाने मोठ्या रस्त्यावर जाऊन उभे राहावे.

आणि रुग्णासोबत एक धडधाकट, वाचता येणारे माणूस हवेच. १८९७ च्या प्लेगात सावित्रीमाईंनी मुंढव्याच्या महारवाड्यातले आजारी लेकरू पाठीवर घेऊन डॉ. यशवंतांच्या दवाखान्यात पोहोचवले, आणि १० मार्चला त्याच रोगाने त्या गेल्या. याच पुण्यातली ही गोष्ट. आज पाठीवर न्यावे लागत नाही, रांगेत उभे राहावे लागते. तेवढ्यासाठी म्हाताऱ्या आईबापांना एकटे पाठवू नये.

१ जानेवारीला भीमा कोरेगावला येणाऱ्या पाहुण्यांनाही एक सांगणे. रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या मोठ्या बॅगेत नकोत, खिशात हव्यात. गाडी लांब लावावी लागते, पुढे पीएमपीच्या बसने आणि पायी जायचे असते. गर्दीत बॅग सापडत नाही.

आमची सूनबाई आता दर काही महिन्यांनी तपासणीला येते. झडप बसवल्यावर रक्त पातळ राहण्याच्या गोळ्या चालू असतात आणि त्यासाठी रक्त तपासावे लागते. ती तपासणी आता ती परभणीलाच करून घेते, रिपोर्ट तेवढा घेऊन येते. मागच्या वेळी नळ स्टॉपहून एकटीच रिक्षाने आली. ‘कर्वेनगर, पुतळा नाही’ असे तिने रिक्षावाल्याला दोनदा सांगितले म्हणे.