मागचं ओझं

काल सेलूहून हिंगणीपर्यंत फायबरचा डोंगा ट्रॉलीवर बांधून जुन्या जिप्सीनं ओढत नेला. आज अंग मोकळं आहे, पण पाठीला अजून कोणीतरी मागून ओढतंय असं वाटतं.

1985 साली मारुतीनं जिप्सी आणली. माझी त्या सुरुवातीच्या पिढीतली. इंजिन 970 सीसीचं, गाडी स्वतः साधारण हजार किलोची. एवढ्या हलक्या गाडीमागे वजन लावलं की खरा प्रश्न ओढण्याचा राहत नाही, थांबण्याचा होतो. उतारावर मागचं ओझं गाडीला पुढे ढकलतं. म्हणून दुसऱ्या गिअरात, इंजिनाच्या जोरावर हळू उतरायचं. ब्रेक तापू द्यायचे नाहीत.

निघण्यापूर्वी डोंगा पुढे सरकवून पुन्हा बांधला. एकूण वजनाचा साधारण दहावा भाग हूकवर यावा लागतो. भार मागे गेला, की ट्रॉली डावी-उजवी झुलू लागते. तशी झुललीच, तर जोरात ब्रेक मारायचा नाही. अॅक्सिलरेटरवरून पाय काढायचा आणि स्टिअरिंग सरळ धरायचं.

आरशात रस्ता दिसत नव्हता, नुसतं डोंग्याचं निळं नाक. बोरच्या जंगलाकडे जाणारा हा रस्ता माझ्या सवयीचा, तरी काल तो परका वाटला. मागे काय येतंय, ते न बघता किती वर्षं चालवली गाडी? बाबांच्या आजारपणातही मी असाच फक्त पुढे बघत होतो का? ठाऊक नाही.

गाडी जुनी असेल, तर हूक बसवण्याआधी ब्रेक तपासून घ्या.