आक्काचा पाय

पोलिओ देशातून गेला, हे खरे. वन्य विषाणूमुळे झालेला भारतातील अखेरचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावडा जिल्ह्यात आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी दक्षिण-पूर्व आशिया विभाग पोलिओमुक्त म्हणून जाहीर झाला. परंतु रोग गेला म्हणून त्याने स्पर्शिलेली शरीरे गेली, असे नव्हे. सुरतेच्या उत्तरेस कोसाड येथे राहणाऱ्या आमच्या आक्काचा उजवा पाय १९५९ साली, ती दोन वर्षांची असताना, लुळा पडला. साल्क यांची लस अमेरिकेत १९५५ मध्येच मान्य झाली होती. आमच्या उंबरठ्यापर्यंत ती पोहोचली नाही.

घरात या पायाविषयी दोन मते होती. आजीच्या मते ते पूर्वजन्मीचे देणे. वडिलांच्या मते तापात मांडीवर टोचलेल्या सुईचा दोष. पहिल्या मताचा परिणाम इतकाच झाला की, आक्का देवळात कायम मागच्या खांबाशी बसू लागली. दुसऱ्यात मात्र सत्याचा अंश आहे. विषाणू अंगात असताना स्नायूत सुई टोचली, तर त्याच अवयवाला पक्षाघात होण्याचा संभव वाढतो. सुईने रोग आणला नव्हता. फार तर त्यास वाट दाखविली असेल.

हा विषाणू तोंडावाटे आत शिरतो आणि आतड्यांत वाढतो. शंभरांतील एकापेक्षाही कमी जणांत तो पक्षाघात घडवितो. तेथे तो मज्जारज्जूच्या पुढल्या भागातील, स्नायूंस आज्ञा देणाऱ्या पेशी मारतो. आज्ञा थांबली की स्नायू वाळतो, वाढत्या वयातले हाड आखूड राहते. संवेदना मात्र शाबूत असते. आक्काच्या पायाला प्रांगणातील तापलेली फरशी आपल्याइतकीच पोळते. लोक मात्र तो बधिर समजून त्यावरून खुशाल टोपल्या ओढीत नेतात! मांडीचा पुढला स्नायू दुबळा असल्याने गुडघा दगा देतो, म्हणून ती प्रत्येक पावलास उजव्या हाताने मांडी मागे रेटते. लहानपणी मला ती तिची लकबच वाटे.

गेल्या चार-पाच वर्षांत तिचा डावा, ‘चांगला’ पायही थकू लागला. घरच्यांना तो आळस वाटला.

“आई, रोज दोन फेऱ्या जास्त मारत जा,” मुलगा म्हणे.

“अरे, मारल्या की दुसऱ्या दिवशी उठवत नाही रे मला,” ती म्हणे.

तिचेच बरोबर होते. वाचलेल्या मज्जापेशी नव्या शाखा फोडून अनाथ स्नायुतंतूंचा भार उचलतात. त्यामुळेच बालपणी रोगी सावरतो. डाव्या पायातही अशा काही पेशी कामी आलेल्या असू शकतात, हे आम्हांस ठाऊक नव्हते. दुप्पट-तिप्पट ओझे वाहणाऱ्या या पेशी पंधरा ते चाळीस वर्षांनी, कधी त्याहूनही उशिरा, शिणू लागतात. हा रोगाचा पुनरुद्भव नव्हे. तो कोणास लागतही नाही. येथे सक्तीची कसरत घातक ठरते; बेताने चालणे आणि दमण्यापूर्वी बसणे, हा पथ्याचा मुख्य भाग.

कोसाडच्या डॉक्टरांनी हे मुलाला समोर बसवून सांगितले. आता दारच्या तीन पायऱ्यांना कठडा आहे, स्वयंपाकघरात उंच स्टूल आहे. अकरा प्रदक्षिणांपैकी आक्का एक घालते आणि पुढच्या रांगेत खुर्चीवर बसते; उरलेल्या दहा मुलगा घालतो.