घोरणं थांबतं तेव्हा

घोरणाऱ्याच्या आवाजानं शेजारच्याची झोप मोडते असं सगळे म्हणतात. माझी मोडायची ती नवऱ्याचं घोरणं थांबलं की. छाती आणि पोट हलताना दिसायचं, पण नाकाशी बोट धरलं तर हवा लागायची नाही. अंधारात मी मनातल्या मनात आकडे मोजत राहायचे. मग घशातून खर्रकन आवाज, एक मोठा श्वास, कूस बदलणं आणि पुन्हा घोरणं सुरू. सकाळी विचारलं तर म्हणायचा, ‘मला तर छान झोप लागली होती.’

तो खोटं बोलत नव्हता. ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अ‍ॅप्नियाची मेख इथेच आहे. झोपेत घशाचे स्नायू सैलावतात, जीभ मागे सरकते आणि श्वासमार्ग मिटतो. छाती ओढ घेत राहते, हवा आत येत नाही, रक्तातला प्राणवायू घसरतो. मग मेंदू क्षणभर जागा होतो, घसा उघडतो आणि माणूस पुन्हा झोपतो. ही जाग इतकी ओझरती, की सकाळी तिची आठवणही उरत नाही. त्यामुळे या आजाराची हकिकत डॉक्टरांना सांगायची ती बाजूला झोपणाऱ्यानंच.

पण आमच्याकडे याला आजार म्हणायलाच कुणी तयार नव्हतं. ‘त्याचे बाबाही असेच घोरायचे. दमलेल्या माणसाची झोप आहे ती,’ हे सासूबाईंचं मत. मुलं त्याला कुंभकर्ण म्हणून हसायची. संध्याकाळच्या लोकलमध्ये बसायला जागा मिळाली की ठाणे यायच्या आत त्याचा डोळा लागायचा आणि डोंबिवलीला उतरायचा माणूस कल्याणहून फोन करायचा. उठल्यावर डोकं जड, रात्री लघवीसाठी सारखं उठणं, गोळ्या वाढवूनही न उतरणारा रक्तदाब. प्रत्येक तक्रार वेगळ्या डॉक्टरांपुढे गेली. कुणी साखर तपासली, कुणी प्रोस्टेट. झोपेबद्दल कुणीच विचारलं नाही.

शेवटी मी मोबाइलवर त्याचं घोरणं रेकॉर्ड केलं आणि छातीच्या डॉक्टरांना ऐकवलं. डॉक्टर आवाजापेक्षा मधली शांतता लक्ष देऊन ऐकत होते. नवरा ते पहिल्यांदाच ऐकत होता. ‘हा मी?’ एवढंच म्हणाला. डॉक्टरांनी टेप काढून त्याची मान मोजली. पुरुषाची मान 17 इंचांहून जाड असेल तर या आजाराची शक्यता वाढते. म्हणून सडपातळ माणसांनी निर्धास्त राहावं असंही नाही. जबडा लहान किंवा मागे गेलेला असला तरी श्वासमार्ग अरुंद होतो.

झोपेच्या तपासणीत डोक्याला तारा, नाकाशी नळी, छाती-पोटाला पट्टे आणि बोटाला चिमटा लावून रात्रभर नोंदी घेतात. श्वास किमान 10 सेकंद अडला की तो एक अडथळा. असे आणि अर्धवट अडथळे मिळून तासाला 5 पेक्षा कमी असतील तर काळजी नसते, 30 किंवा त्याहून जास्त म्हणजे आजार तीव्र. त्याचा आकडा 30च्या बराच पुढे होता.

उपाय म्हणजे सीपॅप. मास्कमधून हवेचा सततचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारं यंत्र. सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटरवर ते उभं केलं आणि 1981 मध्ये त्याबद्दल लिहिलं. यंत्रानं आजार मुळातून जात नाही. लावलं त्या रात्रीपुरताच घसा उघडा. सुरुवातीला नवऱ्याचं नाक कोरडं पडायचं, कडेनं हवा सुटायची आणि पहाटे मास्क उशीखाली सापडायचा. मास्कचं माप बदललं, हवा दमट करणारं भांडं जोडलं, तरी खरा उपयोग झाला तो टीव्हीवर क्रिकेट बघताना मास्क लावून बसण्याचा. तोंडावर काहीतरी आहे याची सवय दिवसाउजेडी झाली. झोपण्याआधीचा पेग मात्र बंद झाला, कारण दारूनं घसा आणखी सैलावतो. झोपेच्या अनेक गोळ्याही अशा रोग्याला घातक ठरू शकतात. घरातल्या कुणाची गोळी सहज दुसऱ्याला देणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

त्याचं घोरणं बंद झालं आणि माझी झोप गेली.

इतकी वर्षं पहारा करून अंथरुणाला पाठ टेकली की जागं व्हायचं, हे अंगात मुरलं होतं. आठवड्यात तीन रात्री याप्रमाणे तीन महिने झोप लागत नसेल, तर तो जुना निद्रानाश मानतात. मला त्याहून जास्त काळ झाला होता. डॉक्टरांनी गोळी दिली नाही. निद्रानाशासाठीची वर्तनोपचार पद्धत आधी वापरावी, असं अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सनंही 2016 मध्ये सांगितलं आहे. त्यातला एक भाग रिचर्ड बूटझिन यांनी 1972 मध्ये मांडलेला: पलंग फक्त झोपेसाठी, आणि वीसेक मिनिटांत झोप आली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत जायचं. मिनिटं अंदाजानंच धरायची, घड्याळ बघायचं नाही. मी स्वयंपाकघरात मंद दिव्यात लसूण सोलत बसायचे. दुसरा भाग जास्त जाचक. पलंगावरचे तासच कमी करायचे, रात्र कशीही जावो, सकाळी ठरल्या वेळी उठायचं, दुपारची डुलकी नाही. सुरुवातीला मी घरभर सगळ्यांवर खेकसत होते, आणि गाडी चालवणाऱ्यांनी या काळात खरंच जपायला हवं. हळूहळू झोप सलग लागू लागली, तसे डॉक्टरांनी तास वाढवले.

धाकट्या दिरांची तपासणी आता व्हायची आहे. त्यांचा जबडा माझ्या नवऱ्यासारखाच, रक्तदाबही तसाच. ‘मी काही घोरत नाही,’ असं ते ठासून सांगतात. मी जाऊबाईंना विचारलं.