सहलीचा बेत

सहलीचा बेत आखणे हे वरवर पाहता आनंदाचे काम. परंतु घरात कोणी अपंग असले, की तेच काम एखाद्या दाव्याच्या तयारीसारखे होऊन बसते. देवास जिल्ह्यातील पीपलरावां येथे माझ्या धाकट्या बहिणीचे घर आहे. दिवाळीच्या सुटीत इंदूरकडील एका थीम पार्कात दोन दिवस घालवावेत, असे तेथे घाटत होते. मंडळी सहा. त्यांत चौदा वर्षांचा भाचा चाकांच्या खुर्चीत बसणारा, आणि त्याचे आजोबा दृष्टीने अधू. "तुम्ही सगळे जाऊन या, मी आजोबांजवळ राहीन," असे भाचा आपण होऊनच म्हणाला. घरच्यांनी त्याच्या समजूतदारपणाचे कौतुक केले. मला मात्र ते अकाली शहाणपण फार लागले. हट्ट करणे हा मुलांचा जन्मसिद्ध अधिकार. तो या मुलाने केव्हा सोडून दिला, हे कोणाच्या ध्यानातही आले नव्हते.

वकील म्हणून चौकशीचे काम मजकडे आले. उद्यानाच्या कचेरीतून उत्तर मिळाले, "खुर्ची मिळेल, खुशाल या." खुर्ची तर आमच्यापाशी होतीच! ती पाळण्यापर्यंत पोहोचेल काय, शौचालयाच्या दारातून आत जाईल काय, यांचे उत्तर कोणापाशी नव्हते.

वस्तुतः २०१६ चा दिव्यांगजन हक्क कायदा खासगी सेवा देणाऱ्यांनाही सुगम्यतेच्या नियमांनी बांधतो, आणि करमणुकीतील समान सहभाग हा हक्क मानतो. परंतु नियम करताना सरकारने त्या बंधनाच्या केवळ शिफारशी करून टाकल्या. राजीव रतुरी या दृष्टिहीन गृहस्थांनी २००५ साली केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी तो नियम कायद्याशी विसंगत ठरविला, आणि तीन महिन्यांत बंधनकारक मानके करण्याचा केंद्र सरकारला आदेश दिला.

तथापि प्रत्येक नकार अन्याय नसतो. ज्या पाळण्यात हातांनी घट्ट धरून ताठ बसावेच लागते, तेथील मनाई जिवाच्या काळजीची. तिचा राग मानू नये. पण नोकरांना त्रास नको म्हणून जी मनाई होते, ती निराळी. या दोहोंतला भेद आधीच विचारून घ्यावा, हे माझे पहिले कलम. अमेरिकेत सॅन अँटोनिओ शहरी गॉर्डन हार्टमन यांनी आपल्या अपंग मुलीच्या नावाने २०१० साली 'मॉर्गन्स वंडरलँड' हे उद्यान उघडले. तेथे खुर्चीसकट झुलता येते, आणि अपंगांस प्रवेशमूल्य नाही. यंत्र माणसाच्या बेताने घडविता येते, एवढे त्यावरून सिद्ध होते.

आमची पुढची कलमे साधी होती. गर्दी ओसरल्यावर मधल्या वारी जावे. दुपारी विश्रांती घ्यावी. बारा हात लांबीला एक हात चढ, याहून उतरण उभी असल्यास खुर्ची एकट्याने ढकलू नये. आजोबांना भोवतालचे वर्णन नातीने सांगावे. आणि कोणता खेळ खेळायचा, याची यादी भाच्याने स्वतः करावी. त्याने पहिले नाव आकाशपाळण्याचे लिहिले, तेव्हा बहिणीचे डोळे भरून आले.

हे सारे देवळाच्या मंडळींना सांगण्याचे कारण असे. गोव्यातील आपल्या देवळांत गाभाऱ्यातली मूर्ती अचल असते. परंतु उत्सवमूर्ती पालखीत बसून बाहेर येते. उज्जैनीचा महाकालही श्रावणी सोमवारी सवारीने नगरात निघतो. भक्ताला येता येत नसेल, तर आपण त्याच्याकडे जावे, असाच या चालीचा अर्थ मी घेतो. मग देवळाच्या पायऱ्यांपाशी एखादी खुर्ची अडून राहिली, तर त्याचे उत्तर विश्वस्तांनी द्यावयाचे, खुर्चीतल्या माणसाने नव्हे.