नऊ दिवसांच्या शेजारणी

मुंबईहून नाशिककडे जाणारी आगगाडी कसाऱ्याला थांबते ती उतारूंपेक्षा इंजिनांसाठी जास्त. पुढे थळघाट. दर ३७ फुटांना एक फूट असा चढ. तेव्हा मागून ढकलायला जादा इंजिने जोडावी लागतात. बोगद्यांतून आत-बाहेर करीत, धबधब्यांचे तुषार खिडकीतून अंगावर घेत गाडी इगतपुरीला पोचते. बहुतेक मंडळी इथला गरम वडा खाऊन पुढे जातात. गेल्या पावसाळ्यात मी मात्र पिशवी उचलून खाली उतरले. दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरासाठी! मराठीच्या बाई नऊ दिवस अवाक्षर बोलणार नाहीत, ही बातमी आमच्या विद्यार्थ्यांना फारच गोड वाटली होती.

‘धम्मगिरी’ गावाला लागूनच आहे. मंडाले येथे जन्मलेले व्यापारी सत्यनारायण गोएंका १९५५ साली अर्धशिशीने बेजार होऊन ऊ बा खिन यांच्याकडे गेले. ऊ बा खिन हे स्वतंत्र ब्रह्मदेशाचे पहिले महालेखापाल. कचेरीचे हिशेब सांभाळून ध्यान शिकवीत. त्यांची विद्या घेऊन गोएंका १९६९ मध्ये भारतात आले आणि १९७६ मध्ये इगतपुरीचे हे केंद्र उभे राहिले. २०१३ साली ते गेले. आता त्यांचा ध्वनिमुद्रित आवाज शिकवतो. वेळापत्रक मात्र अजून महालेखापालांना शोभेल असेच आहे. पहाटे चारला घंटा, अकराला जेवण, पाचला चहा आणि थोडे फळ, साडेनऊला दिवे बंद. शुल्क नाही, शिबिर पुरे केल्यावर इच्छा असेल ते दान द्यावे. फोन, पुस्तके, वही, पेन सारे पहिल्याच दिवशी जमा. पुस्तक हातातून गेले तेव्हा मला दागिना उतरवून दिल्यासारखे झाले!

पहिले तीन दिवस नाकाशी येणारा-जाणारा श्वास तेवढा पाहायचा. चौथ्या दिवसापासून डोक्यापासून पायापर्यंत अंगावरची ‘वेदना’ पाहायची. इथे माझ्यातली मास्तरीण जागी झाली. पालीत वेदना म्हणजे कोणतीही जाणीव. सुखाची, दुःखाची, दोन्ही नसलेलीसुद्धा. मराठीने त्यातले दुखणे तेवढे ठेवून घेतले. मांडी घालून तासभर न हलता बसले, तेव्हा मराठीचे काही चुकले असे वाटेना.

पण सांगायचे आहे ते माझ्या खोलीतल्या शेजारणीविषयी. साठीच्या पुढची बाई, नऊवारी लुगडे, हातात दोन-दोन बांगड्या. आर्य मौनात बोलणे तर नाहीच, खाणाखुणा नाहीत, नजरेला नजर देणेही नाही. तरी माणूस कळायचे थांबत नाही. तिच्या टाचेला भेग होती, म्हणून डावे पाऊल हलके पडे. जेवणघरात स्वतःचे ताट घासून झाले की ती नळापाशी क्षणभर घुटमळे. दुसऱ्यांची ताटे तशीच सोडून जायचे तिच्या हातांना जमत नसावे.

पाचव्या रात्री ती रडली. बाहेर इगतपुरीचा पाऊस पत्र्यांवर कोसळत होता, तरी तो दाबलेला हुंदका मला ऐकू आला. दोन हातांवर माझी खाट. आपल्या घरांत अशा वेळी माणूस उठते, पाणी देते, पाठीवर हात ठेवते, ‘असं करू नये’ म्हणते. मी उठून बसले. नियमासाठी थांबले म्हणावे, तर नियम माझ्या तेव्हा ध्यानातही नव्हता. त्या रडण्यात कुणी शिरू नये असे वाटले, एवढेच. खूप वेळाने हुंदके थांबले. चारला घंटा झाली तेव्हा आम्ही दोघीही जाग्याच होतो.

दहाव्या दिवशी सकाळी मौन सुटले आणि अंगणात जो काय कलकलाट उठला! वडाखाली संध्याकाळी साळुंक्या भरतात तसा. माझ्या शेजारणीने मात्र सावकाश केस बांधले आणि मग म्हणाली, “ताई, त्या रात्री तुम्ही जाग्या होता. मला ठाऊक होतं.”

मी मान हलवली.

“काही बोलला नाहीत, लई बरं केलंत.”

जळगावकडच्या खेड्यातली ती. वर्षापूर्वी थोरला मुलगा गेला, मोटारसायकलच्या अपघातात. “तेव्हापासून लोक येतात नि मला समजावतात. देवाची मर्जी म्हणतात, नातवाकडं पाहा म्हणतात. खोटं नाही ते. पण समजून घेऊन घेऊन मी दमले हो. मला एकदा नीट रडायचं होतं. घरी रडले की सून रडते, मग तिला मीच समजावते.”

आमच्या समोरच्या खोलीत विदर्भातल्या सरकारी दवाखान्यातली एक परिचारिका होती. ती येऊन पायरीवर बसली. तिची आजी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बाबासाहेबांच्या हातून झालेल्या धम्मदीक्षेला हजर होती. “आमच्या घरी बुद्ध भिंतीवर आहेत, वंदना रोजची,” ती म्हणाली, “पण आजी शेतावर, आई शेतावर, मी वॉर्डात. डोळे मिटून बसायला आमच्यात मीच पहिली.” मग तिने मावशींची टाच मांडीवर घेतली, भेग निरखली आणि कोणते मलम लावायचे, पाय पाण्यात किती वेळ ठेवायचा, हे खडसावून सांगितले. नऊ दिवस तिने नुसते पाहिले होते. रागावण्याचा हक्क आता मिळाला होता.

अकराव्या दिवशी सकाळी शिबिर संपले. स्टेशनवर आम्ही तिघी. त्या दोघींना भुसावळकडची गाडी, मला मुंबईची. फलाटावर मावशींनी फोन चालू केला, तो लगेच खणखणला. पलीकडे नातू असावा. त्यांनी थोडा वेळ ऐकून घेतले.

“कोठीच्या खोलीत, वरच्या फळीवर, डाव्या हाताला,” त्या म्हणाल्या. “तुझ्या आईला म्हणावं, मी येतेच आहे. आणि ऐक, तिनं सकाळी खाल्लं का काही?”