वाळूजच्या गोठ्यांतील एक विद्या

छत्रपती संभाजीनगराहून अहिल्यानगरच्या रस्त्यानें निघालें म्हणजे वाळूजचे कारखाने लागतात. १९८५ सालीं बजाज ऑटोचा कारखाना येथें सुरू झाला व त्यामागोमाग इतर अनेक आले. परंतु या कारखान्यांच्या शेजारींच गंगापूर तालुक्यांतील जुनें वाळूज गांव आहे, व तेथें दाराशीं गाय बांधणारीं घरें अद्याप आहेत. त्यांपैकीं एका गोठ्यांत कृत्रिम रेतनाची विद्या शिकणारा तरुण आपल्या शिक्षकांसह आला असतां, तें काम पाहण्याचा योग आम्हांस आला. हा विषय कौटुंबिक मासिकास शोभतो काय, अशी शंका कोणी घेईल. पण ज्या घरांत रोज दूध येतें, त्या घरानें दुधाचें मूळ जाणण्यांत संकोच कसला?

ही विद्या आपल्या देशांत अगदींच नवी नाहीं. १९३९ सालीं म्हैसूरच्या राजवाड्याच्या गोशाळेंत संपतकुमारन यांनीं ती प्रथम योजिली. महाराष्ट्रांत मणिभाई देसाई यांनीं १९६७ सालीं उरुळी कांचन येथें स्थापिलेल्या ‘बायफ’ संस्थेनें ती शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेली. ग्लिसरीनच्या योगानें रेत गोठवून टिकवितां येतें, हें १९४९ सालीं इंग्लंडांत कळून आलें. तेव्हांपासून शेंकडों कोसांवरील वळू घरच्या गाईस लाभण्याचा मार्ग मोकळा झाला.

शिक्षकांनीं गाईस हात लावण्यापूर्वीं घरच्या बाईंना विचारलें, “ताई, माज कधीं दिसला?”

“पहांटे झाडलोट करतांना, डॉक्टरसाहेब. रात्रभर हंबरत होती, आणि शेजारची गाय अंगावर आली तरी हलली नाहीं.”

पहांटे माज दिसला तर रेतन संध्याकाळीं, संध्याकाळीं दिसला तर दुसऱ्या दिवशीं सकाळीं, असा नियम आहे. ही वेळ टळली कीं पुढचा माज सुमारें २१ दिवसांनीं; तोंवरचा चारा-पेंड फुकट. घरधनी कारखान्यांत रात्रपाळीस असल्यामुळें ही नजर बाईंनाच ठेवावी लागते. आम्हांस पाणिनीची आठवण झाली. ज्या गाईचा गर्भधारणेचा काळ आला आहे, तिच्या ‘उपसर्या’ या नांवासाठीं त्यानें एक स्वतंत्र सूत्रच रचलें आहे.

शिष्यानें पात्राचें झाकण काढलें. आंत उणें १९६ अंशांचा द्रवरूप नायट्रोजन. त्यांतून पाव मिलिलिटरची कांडी चिमट्यानें उचलून ३७ अंशांच्या पाण्यांत अर्धा मिनिट धरली, पुसली, टोंक कापून पोलादी नळींत बसविली. येथवर डोळ्यांचें काम. पुढें डोळे निरुपयोगी. मोजा चढविलेला डावा हात गुदद्वारांतून आंत घालून आंतड्याच्या भिंतीआडून गर्भाशयाचें मुख धरावयाचें, व उजव्या हातानें योनिमार्गांतून नेलेली नळी त्या मुखाच्या वळ्यांतून पार करावयाची.

नळी पहिल्याच वळ्याशीं अडली. तरुणाच्या कपाळावर घाम आला.

“ढकलूं नकोस रे,” शिक्षक शांतपणें म्हणाले, “आंत जखम होईल. नळी स्थिर धर, आणि डाव्या हातानें मुखच तिच्यावर आण.”

थोड्या वेळानें नळी पार झाली. मुखाच्या लगेच पुढें रेत हळूहळू सोडून त्यानें हात काढला. अशा अनेक गाई झाल्याविना हात तयार होत नाहीं, असें शिक्षकांनीं आम्हांस सांगितलें.

एक विवेक मात्र गृहस्थाचा आहे. होल्स्टीनची कांडी दूध वाढविते, पण चारा, पाणी व सांवलीहि अधिक मागते. देवणी व लाल कंधारी हीं मराठवाड्याचीं स्वतःचीं वाणें; येथील ऊन तीं सहज सोसतात. कांडी स्वस्त आहे म्हणून निवड हलकी नव्हे. तिचें फळ पुढील कित्येक वर्षें दावणीस उभें राहतें.

बाईंनीं दाराआडच्या दिनदर्शिकेवर त्या दिवसाभोंवतीं खूण केली, आणि एकविसाव्या दिवसाभोंवतीं दुसरी. त्या दिवशीं माज दिसला नाहीं तर आशा; दोन-तीन महिन्यांनीं अनुभवी हात गर्भ चाचपून पाहील तेव्हां खात्री; आणि सर्व नीट पार पडलें तर सुमारें २८० दिवसांनीं वासरूं.